आठ नंबरचं आडनाव

बेल्जियमहून परत आल्यापासून जो तो विचारतोय, ब्रूज पाहिलंत ना? पाहिलं. गाव चित्रासारखं आहे, गर्दी मात्र जोतिबाच्या यात्रेची, आणि चॉकलेटच्या दुकानांत तर माणूस स्वतःहून चालत नाही, मागचा ढकलतो म्हणून पुढं सरकतो. गेन्ट पाहिलं, वॉटर्लूच्या टेकडीवरचा सिंहही पाहिला. आठांपैकी सात दिवस एवढ्यातच संपले. मला सांगायचंय ते उरलेल्या एका रविवारबद्दल. त्या दिवशी मी ला लूव्हिएरला गेलो होतो. तिथं मुद्दाम फिरायला कुणी जात नाही.

माझं कारण १९८६ सालचं. मेक्सिकोतला फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता. मी अकरा वर्षांचा, राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. वाड्यात टीव्ही एकच. अर्जेंटिना-बेल्जियम सेमीफायनल २५ जूनची, म्हणजे आपल्याकडं २६ च्या पहाटे साडेतीनची. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि आत तीस-पस्तीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. सगळी आली होती मॅराडोनासाठी. त्यानं निराश केलं नाही. ५१ व्या आणि ६३ व्या मिनिटाला दोन गोल मारले, आणि दुसऱ्या वेळी तर अख्खा बचाव मधोमध चिरत गेला. वाडा दणाणला.

माझे थोरले काका, आबा, तरुणपणी पेठेच्या संघात हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळलेले. ते ओरडले नाहीत. माझ्या मानेवर हात ठेवून हळूच म्हणाले, "बॉलकडं बघू नगंस. त्या आठ नंबरकडं बघ. बॉल यायच्या आदी त्येचं बघून झालेलं असतंय."

आठ नंबर बेल्जियमचा होता. हरणाऱ्या संघाचा, वीस वर्षांचा, काळ्याभोर केसांचा पोरगा. पास पायाशी येण्याआधी त्याची मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरायची, आणि बॉल आला की तो जायची जागा आधीच ठरलेली असायची. मी उरलेली मॅच त्याच्याकडंच बघत काढली. त्या वर्ल्ड कपमधला सर्वोत्कृष्ट तरुण खेळाडू तोच ठरला, हे नंतर समजलं. नाव पेपरात इंग्रजीत वाचलं, एस-सी-आय-एफ-ओ. आम्ही त्याला सायफो म्हणायचो. एन्झो सायफो. तालमीच्या कट्ट्यावर, शाळेत, पुढं कॉलेजात, कायम सायफो.

माझा भाचा ब्रुसेल्सला नोकरी करतो, उतरलो होतो त्याच्याकडेच. शनिवारी रात्री जेवताना ला लूव्हिएरला, सायफोच्या जन्मगावी, जायचा बेत सांगितला तर म्हणाला, "मामा, तिथं काय आहे बघायला? आणि तो सायफो तर इटलीत, इंटर मिलानमध्ये, फ्लॉप गेला होता. पुढं कोच म्हणूनही काही केलं नाही त्यानं." मी ताटात बघत राहिलो. पाहुणा माणूस, वाद काय घालायचा. पण झोप लागली नाही, म्हणून ते उत्तर इथं देतो.

सतराव्या वर्षी ब्रुसेल्सच्या अँडरलेख्ट क्लबकडून खेळायला लागला. १९८५, ८६, ८७ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली. १९८४ चा बेल्जियमचा गोल्डन शू, म्हणजे तिथल्या लीगमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान, अठराव्या वर्षी मिळवला. इंटर मिलानला गेला एकविसाव्या वर्षी, तेव्हाच्या इटालियन लीगमध्ये, जिथं बचावफळीतून वाट काढताना भल्याभल्यांचा घाम निघायचा. तिथला एक हंगाम मनासारखा गेला नाही, खरं आहे. बोर्दोतही जमलं नाही. मग ऑसेरसारख्या छोट्या गावाच्या क्लबात गी रू नावाच्या जुन्या गुरूच्या हाताखाली तो पुन्हा उभा राहिला. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेविरुद्ध लांबून मारलेला त्याचा गोल ज्यानं पाहिलाय त्याला मी काही समजावून सांगायला नको. त्याच वर्षी बोलोन्यात इंग्लंडविरुद्ध त्याचा फटका पोस्टला लागून परतला, आणि ११९ व्या मिनिटाला इंग्लंडच्या प्लॅटनं बेल्जियमला घरी पाठवलं. मग तुरीनचा तोरिनो क्लब. १९९२ ची युएफा कप फायनल अयाक्सविरुद्ध, घरी २-२, अॅमस्टरडॅमला ०-०, आणि कप गेला तो बाहेरच्या गोलांच्या नियमावर, म्हणजे बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा जिंकायचा. त्या रात्री तोरिनोचे कोच मोंदोनिको यांनी संतापून बाकावरची खुर्ची डोक्यावर उचलली होती. पुढच्या वर्षी इटालियन कप, १९९७ ला मोनाकोबरोबर फ्रान्सची लीग, २००० ला पुन्हा अँडरलेख्टबरोबर बेल्जियमची. चार वर्ल्ड कप खेळला, बेल्जियमकडून एकूण ८४ सामने, १८ गोल. याला फ्लॉप म्हणणाऱ्यानं एकदा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये मातीच्या वासात बसून नव्वद मिनिटं हाफ खेळणं म्हणजे काय असतं ते बघावं.

रविवारी सकाळी ब्रुसेल्सच्या दक्षिण स्टेशनातून गाडी पकडली. अर्ध्या तासाच्या आत खिडकीतून ट्यूबीझ अशी पाटी सरकली आणि मी दचकून सरळ बसलो. हे नाव माहीत होतं. २००४ ते २००६ तो तिथला कोच होता. फोनवर नकाशा उघडला. खेळाडू म्हणून त्याची गावं मिलान, बोर्दो, ऑसेर, तुरीन, मोनाको. कोच म्हणून शार्लरुआ, ट्यूबीझ, मूस्क्रों, मोन्स. ही चारही त्याच्या जन्मगावापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशी. मोन्सनंतर वर्षभर बेल्जियमचा २१ वर्षांखालचा संघ सांभाळला, तेवढंच. शार्लरुआत तर खेळता खेळताच संघाची सूत्रं हाती आली. आणि क्लब कसले? मूस्क्रों तो गेल्यावर काही महिन्यांत पैशाअभावी हंगामाच्या मध्यात बंद पडला. मोन्स २०१५ मध्ये बुडाला. ज्या ला लूव्हिएरच्या क्लबात तो लहानपणी वाढला, तोही २००९ मध्ये मोडला, पुढं तिथं नवा उभा राहिला. हे कोळशाच्या पट्ट्यातले क्लब. खाणी गेल्या, पोलाद गेलं, मग मैदानावर पैसा कुठून येणार? अशा ठिकाणी कोच व्हायचं म्हणजे पगार वेळेवर होईल ना, याची धास्ती घेऊन सराव घ्यायचा. कोच म्हणून काही केलं नाही असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

ला लूव्हिएरला उतरलो तर पाऊस. ब्वा-दु-लुक नावाची जुनी खाण बघायची होती, ती आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. फलकावर लिहिलेल्या वेळेची बस आली नाही, नंतरचीही नाही. रविवारी अनोळखी माणसानं काय करायचं, हे सांगणारं चिटपाखरूही थांब्यावर नव्हतं. एवढ्या श्रीमंत देशात ही गत बघून मनापासून राग आला. पाऊण तास भिजत चाललो. खाणीजवळ कामगारांसाठी बांधलेल्या विटांच्या घरांच्या रांगा आहेत, एकसारख्या दारांच्या, एकसारख्या खिडक्यांच्या. लालबागच्या चाळीत माझी मावशी राहायची. त्या रांगेत उभं राहिल्यावर तिचा जिना आठवला.

परत स्टेशनजवळ आलो तेव्हा बुटांत पाणी होतं. समोर दिसलं त्या कॅफेत शिरलो. चार टेबलं, कॉफीचं जुनं यंत्र, कोपऱ्यात ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा. काउंटरवरच्या मुलीला इंग्रजी येत होतं. इथं कसे काय आलात, असं तिनं विचारलं. म्हटलं, एन्झो सायफोचं गाव बघायला. तिला कळेना. तिनं आजोबांना विचारलं, त्यांनाही कळेना. मी फोनवर फोटो काढून दाखवला, लाल शर्टातला, कुरळ्या केसांचा.

आजोबा उठून उभे राहिले. "शिफो!"

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि हनुवटी वर करून, पहिलीच्या मास्तरांसारखं, बोट हलवत म्हणायला लावलं. शि-फो. पुन्हा. शि-फो. तिसऱ्या वेळी त्यांचं समाधान झालं. इतकी वर्षं ज्या माणसावर जीव टाकला त्याचं नावच मी चुकीचं घेत आलो होतो. मान खाली गेली. आजोबांनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

मुलगी मधे बसून सांगत गेली. आजोबा सिसिलीचे. १९४६ च्या जूनमध्ये इटली आणि बेल्जियममध्ये करार झाला, इटलीनं माणसं द्यायची, बेल्जियमनं कोळसा द्यायचा. पन्नास हजार कामगारांचा आकडा ठरला होता. गावोगाव गुलाबी रंगाची पोस्टरं लागली. आजोबांचे वडील त्यातल्याच एका पोस्टरवरून आले, मागून आई आणि हे. आजोबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात पितळेचा एक गोल बिल्ला होता, आपल्या जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा, वर भोक, कडा झिजून गुळगुळीत. त्यावर आकडा होता, ४१७. खाणीत उतरताना बिल्ला देऊन दिवा घ्यायचा. वर आलं की दिवा देऊन बिल्ला परत. संध्याकाळी फळीवर बिल्ला तसाच लटकत राहिला तर माणूस खालीच आहे. "आमचं आडनाव कचेरीतल्या बाबूला लिहिता यायचं नाही," आजोबा म्हणाले. "वडील तिथं चारशे सतराच होते."

८ ऑगस्ट १९५६ ला शेजारच्या मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ माणसं गेली, त्यातली १३६ इटालियन. आजोबांचे वडील दुसऱ्या खाणीत होते म्हणून वाचले. पण त्या दिवसापासून आजोबांची आई, वडील कामावर निघताना दारात उभी राहायची आणि ते वळणावरून दिसेनासे झाले तरी आत यायची नाही. हे सांगताना आजोबांचा अंगठा बिल्ल्यावरून फिरत होता. मी तो हातात घेतला. गरम होता, त्यांच्या खिशातला.

मग ते १९८४ वर आले. शिफोचे आईवडीलही सिसिलीचे. मुलगा जन्मला बेल्जियममध्ये, पण अठरा वर्षं कागदावर इटालियनच. जूनमध्ये त्यानं बेल्जियमचं नागरिकत्व घेतलं आणि काही दिवसांतच युरो स्पर्धेत युगोस्लाव्हियाविरुद्ध मैदानात उतरला. युरोमध्ये इतक्या लहान वयात तोवर कुणीच खेळलं नव्हतं, आणि तो विक्रम पुढं २८ वर्षं टिकला. आजोबा म्हणाले, त्या दिवशी कॅफेत अर्धी माणसं चिडलेली, पोरानं इटली सोडली म्हणून. "आणि टीव्हीवर फ्रेंच बोलणारा समालोचक घसा ताणून ते नाव घेत होता. आमच्या बेटावरचं नाव. बरोबर घेत होता. माझे वडील तिथं बसले होते, त्या खुर्चीत." त्यांनी खिडकीजवळची रिकामी खुर्ची दाखवली. मुलगी भाषांतर करताना मधेच थांबली, पण मला अर्थ लागला होता.

मी विचारलं, कोच म्हणून कसा होता? आजोबांनी खांदे उडवले. फार जिंकला नाही. एकदा ते मोन्सला मॅच बघायला गेले होते, असाच पाऊस. तो रेषेजवळ कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. "सगळं मैदान बॉलकडं बघत होतं. तो बघत नव्हता. बॉल जिकडं जाणार तिकडं त्याची मान आधीच वळलेली."

मी मुलीला ते पुन्हा सांगायला लावलं. तिनं तसंच सांगितलं.

कॉफीचे पैसे त्यांनी घेऊ दिले नाहीत. पाकीट काढलं तर माझ्या मनगटावर हात ठेवला, घट्ट. निघताना दारातून पुन्हा एकदा बोट वर करून म्हणायला लावलं, शि-फो.

गाडीतूनच आबांना फोन लावला. आबा आता शहाऐंशीचे, ऐकायला कमी येतं. कोल्हापुरात रात्रीचे दहा वाजून गेले होते. मोठ्यानं सांगितलं, आबा, सायफो नव्हे, शिफो. शि-फो. डब्यातली माणसं वळून बघायला लागली. मग मोन्सची गोष्ट सांगितली, पावसातली, मान आधी वळण्याची.

पलीकडं बराच वेळ नुसती घरघर. लाइन कटली असं वाटलं.

"सव्वीस तारखेच्या पहाटं सांगितलं हुतं का न्हाई तुला," आबा म्हणाले. मग कुणाला तरी हाक मारून दार लावायला सांगितलं. पाणी आत येत होतं.