ताई, रीलवालं गाणं का नाही शिकवत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. इथे ग्वाल्हेरला, लश्कर भागात, माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील सारखं विचारतात, ताई, रीलवालं ते गाणं पोराला एवढं आवडतं, मग तेच का नाही शिकवत?

मला त्या "आवडतं"चीच काळजी वाटते. रॉबर्ट झायॉन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1968 मधेच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी ती माणसाला आवडायला लागते, अगदी अर्थ नसलेले शब्दसुद्धा. आणि इथे तर 15 सेकंदांचा तोच तुकडा, कुणाच्या हळदीवर, कुणाच्या मांजरावर, कुणाच्या कचोरीवर, दिवसभर कानावर आदळतो आणि पोरगं म्हणतं माझं फेवरेट आहे. अरे पण निवडलं कुणी? स्पॉटिफायवर तर कलाकारानं रॉयल्टी कमी घ्यायला हो म्हटलं की अल्गोरिदम त्याचं गाणं जास्त लोकांपुढे सरकवतो, 2020 पासून आहे हे, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याच आवडीचं लागलं.

फेसबुकनं तर जानेवारी 2012 मधे आठवडाभर 6,89,003 लोकांच्या फीडमधल्या आनंदाच्या नाहीतर दुःखाच्या पोस्टी कमी करून बघितल्या, आणि ते लोक स्वतःही थोडंसं तसंच लिहायला लागले. फरक अगदी बारीक होता, पण त्यांना विचारलं कुणी नव्हतं, बाहेर कळलं ते 2014 मधे. मला हे वाचून खरंच राग आला होता.

एक आई म्हणाली, तुम्ही पण तर भूप रागाचे तेच सुरांचे अलंकार महिनोन्महिने घोकून घेता. बरोबर आहे त्यांचं, मी दोन दिवस विचार करत होते. घेतेच मी घोकून. पण मी समोर बसलेली असते, हे कशासाठी ते सांगते, पोरगं कंटाळलं तर ते मला दिसतं आणि मी थांबते, फोन मात्र कंटाळा आलेला कळला की लगेच दुसरं काहीतरी पुढे करतो, थांबत नाही.

म्हणून आता मी नाही म्हणत नाही. आण तुझं गाणं म्हणते, आणि पुढचा अंतरा म्हणायला सांगते. बहुतेकांना येतच नाही, ऐकलेलाच नसतो. मग आम्ही फोन लांब ठेवून अख्खं गाणं एकदा शांतपणे ऐकतो. गेल्या आठवड्यात एक जण ऐकून म्हणाला, ताई, नाही आवडलं मला. दुसऱ्या मुलीला अंतराच जास्त आवडला, तो शिकवतेय सध्या.