नान्नजच्या माळावरची हद्द

सोलापुरात दोन दिवस राहूनही सिद्धेश्वर तलाव रिक्षातूनच पाहिला आणि चादरी घ्यायच्या राहून गेल्या, कारण पहिल्याच सकाळी माझ्या हातून एक चूक घडली आणि उरलेला वेळ तिच्याच विचारात गेला.

बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झालेल्या या अभयारण्याकडे सगळे त्याच पक्ष्याच्या आशेने येतात. मीही आलो आणि तो मला दिसला नाही. वाटाड्या म्हणून बरोबर आलेल्या गावातल्या मामांनी मात्र मला अभयारण्याबाहेरच्या, ज्वारीची काढणी झालेल्या वावराच्या बांधावर बसवले. समोर धसकटांपलीकडे कुसळीच्या पिवळ्या गवतात काळविटाचा एक काळाभोर नर उभा होता. तो चालत एका लेंड्यांच्या ढिगापाशी आला, वास घेतला, त्यावरच भर घातली आणि जवळच्या बाभळीच्या काटकीला डोळ्याखालची ग्रंथी हलकेच घासून पुढे गेला. "ह्यो त्याचा उंबरा हाय, साहेब. पल्याडच्या लिंबापातुर सगळं त्याचंच," मामा म्हणाले. ते लिंबाचे झाड सहज दोनशे पावलांवर असेल.

हे अंतर पाहून मी चकित झालो, कारण दोन वर्षांपूर्वी गुजरातमधील वेळावदरला मी काळविटांचे नर इतके जवळजवळ उभे पाहिले होते की एकाची हद्द कुठे संपते ते कळत नव्हते. तिथे कळप दाट आहेत. संख्या वाढली की घुसखोरही वाढतात, मोठी जागा राखणे नराच्या आवाक्याबाहेर जाते, आणि मग तो चाऱ्याची आशा सोडून माद्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर इतर नरांच्या गर्दीत काही पावलांचा तुकडा धरून बसतो. तिथे माद्या चरायला फारशा येत नाहीत, नर निवडायला येतात, आणि बहुतेक माद्या मोजक्याच नरांच्या वाट्याला जातात. कळप विरळ असतील तर नराला चाऱ्यासकट ऐसपैस माळ राखणे परवडते. गर्दी वाढली की भांडणे वाढतात एवढेच मी आजवर मानत होतो. हद्दच आक्रसते, हे डोक्यात नव्हते. याची उलट बाजूही आहे: इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात १९९४ साली खरजेची साथ येऊन लाल खोकडांची संख्या कोसळली, तेव्हा उरलेल्यांच्या हद्दी मोठ्या झाल्या.

आता माझी चूक. मामांनी बजावले होते की बांध ओलांडायचा नाही. मोबाईलमध्ये शिंगांचे पीळ नीट येईनात म्हणून मी ओलांडला, तीसेक पावले पुढे गेलो. नर पळाला नाही. मान वर करून, कान मागे टाकून लिंबाच्या दिशेने चालू लागला आणि माझ्यापासून दूर जाता जाता लिंबापलीकडे शेजाऱ्याच्या जागेत शिरला. शेजारी तयारच होता. दोघे थोडा वेळ अंगाला अंग लावल्यासारखे, एकमेकांकडे न पाहता समांतर चालले, मग वळून माना खाली घातल्या. शिंगांचा आवाज कोरड्या काठ्या आपटाव्यात तसा बांधापर्यंत आला. क्षणभरच झुंजले असतील. पण माघार घेतली ती माझ्या नराने, आणि घराकडे परतायची त्याची वाट मी अडवून उभा होतो. तो दोघांच्या मधल्या उघड्या पट्टीत ताटकळत राहिला.

"मागं या, साहेब. त्याला जागा द्या की," मामा पहिल्यांदाच चढ्या आवाजात म्हणाले. मी बांधामागे येऊन बसलो. अर्धा तास गेला. त्यांनी फडक्यातून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढून माझ्यापुढे सरकवली. माझ्या हावरटपणावर मात्र एक अक्षर बोलले नाहीत, ते मला जास्त लागले. भाकरी संपत आली तेव्हा तो नर परतला, ढिगापाशी थांबला, बराच वेळ वास घेत राहिला आणि मगच त्याने त्यात आपली भर घातली.

मोज्यांत घुसलेली कुसळे मी संध्याकाळी लॉजवर उपटत बसलो होतो. फोटोत शिंगांचे पीळ आलेच नव्हते.