लाखेची खरखर

दुपारी तीनला, शेजारचा मिक्सरसुद्धा झोपलेला असतो तेव्हा, १९४३ सालची एखादी अमेरिकन ग्रामोफोन तबकडी लावावी आणि गाण्याआधीची चार-पाच सेकंदं कान देऊन ऐकावीत. ओरखडा असेल तर तो ठरल्या वेळी येतो. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे पाऊण सेकंदाला एक ‘टक्’. तो माफ. पण इथे ‘टक्’ नाहीच, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तशी सलग खरखर आहे. नवखा म्हणतो, झिजलीय. कित्येकदा तसं काही नसतं. दुकानातून आली त्या दिवशीही ती अशीच वाजली असणार.

कारण लाख. बांगड्यांची, पाकिटावरच्या मोहरेची, दुर्योधनाने पांडवांसाठी बांधवलेल्या घराची, तीच. पळस, कुसुम, बोर ह्यांच्या फांद्यांवर किडे ती करतात, आणि त्या काळी तिचा मोठा साठा छोटा नागपूरच्या बाजूने कलकत्त्याला येऊन जगभर जायचा. तबकडीत लाख जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा, बाकी दगडाची पूड, काजळी, थोडा कापसाचा तंतू. पण हे सगळं धरून ठेवते ती लाखच. युद्धात जहाजं अडली, शिवाय वार्निशाला आणि दारूगोळ्याला लष्करालाच ती हवी झाली. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांच्या वाट्याची लाख ७० टक्क्यांनी कापली. मग जुन्या तबकड्या गोळा करायच्या, दळायच्या, त्यातूनच नव्या ठोकायच्या. शिळ्या पोळीचा कुस्करा ताज्या कणकेत मळावा तसं. दळताना लेबलाचा कागद, धूळ, काहीबाही आत राहायचं. सुई घासते ती त्यावरून.

अशी तबकडी न वाजवताही ओळखता येते. खिडकीशी तिरपी धरा. युद्धाआधीची काळ्या आरशासारखी चमकते, ही करडी, बारीक पुळ्या आल्यासारखी दिसते. मग मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि कडेला टिचकी मारा. माठ घेताना करतो तसंच. खणखणली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे.

धुताना हात आवरा. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर मुळीच नाही. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे आठवावं. पुसून उभीच वाळवा आणि ठेवतानाही सरळ उभीच ठेवा. तिरपी टेकवली की एका उन्हाळ्यात पापड.

त्याच काळात सुरांचीही टंचाई झाली, पण तिचं कारण युद्ध नव्हतं. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रॉयल्टीसाठी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. गायक त्या संघटनेत नव्हते. म्हणून १९४३ मध्ये फ्रँक सिनात्रा मागे वाद्यवृंदाऐवजी नुसते कोरसवाले घेऊन गायला. तबकड्यांच्या मोठ्या दोन कंपन्या नमल्या त्या नोव्हेंबर १९४४ मध्ये. मधल्या काळात वादक वाजवत होते ते सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्कवर, कारण त्या विकायच्या नव्हत्या. १२ इंची, लाखेऐवजी व्हिनिलच्या, खाचा दाट, त्यामुळे एका बाजूला साडेसहा मिनिटांपर्यंत गाणं. एरवी १० इंचीत तीन मिनिटांत सगळं उरकायचं. छावण्यांमधून त्या पोलादी पिनेवर वाजल्या, त्यामुळे बऱ्याच आज नांगरलेल्या मिळतात.

आपल्याकडे त्याच १९४३ मध्ये ‘किस्मत’ चित्रपटातलं ‘दूर हटो’ आलं. त्यात जर्मन आणि जपानी नावानिशी आहेत, म्हणून सेन्सॉरला ते युद्धप्रचाराचं वाटलं म्हणतात. ऐकणाऱ्यांना कोणाला हटवायचंय ते बरोबर कळलं.

विजेच्या प्लेअरवर ह्या तबकड्या लावणाऱ्यांची एक चूक ठरलेली. नंतरच्या, बारीक खाचांच्या एलपी तबकड्यांची सुई तशीच ठेवतात. ती टोकाला साधारण २५ मायक्रॉनची, खाचेच्या तळात जाऊन बसते आणि तिथला सगळा कचरा वाजवून दाखवते. ७८ ला साधारण ७५ मायक्रॉनची हवी, भार चार-पाच ग्रॅम, आणि जोडणी मोनो. एवढ्यानेच निम्मा पाऊस ओसरतो. उरलेला संगणकाच्या फिल्टरने काढणारेही आहेत. त्यांच्याकडचं गाणं बेसिनमध्ये गायल्यासारखं लागतं. काढू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी पिन एका बाजूला एकच. तिथे तबकडीवर १०० ग्रॅमहून जास्त भार असतो. तबकडीतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांत पिन घासून खाचेच्या मापाची करते, त्यासाठीच ती घातलेली. पण तीन मिनिटांनी त्याच पिनेला दोन्हीकडून धार येते, आणि पुढच्या बाजूवर ती छिन्नी होऊन उतरते. डबीत पिना उरल्यात ना बघा, मगच पालटा.