किडनीच्या पेशंटचं अमायलेज वाढलेलं दिसलं तर

डायलिसिसवरच्या पेशंटच्या रिपोर्टात अमायलेज (अन्न पचवणारं एक एन्झाइम) 210 आणि शेजारी कमाल मर्यादा 100, असं दिसलं की घरचे हबकतात: आता स्वादुपिंडालाही सूज आली का? पोट दुखत नसेल तर बहुधा नाही.

स्वादुपिंडात बनणारं अमायलेज आणि चरबी पचवणारं लायपेज थोडं थोडं रक्तात येतच असतं. अमायलेजचा साधारण पाव हिस्सा किडनी काढून टाकते. लायपेज किडनीत गाळलं जातं खरं, पण तिथल्या नलिका ते परत ओढून मोडून टाकतात, त्यामुळे निरोगी माणसाच्या लघवीत ते जवळजवळ सापडत नाही. किडनी थकली की दोन्ही रक्तात साचतात. अमायलेजचा रेणू मोठा, 55 हजार डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास, म्हणून साध्या डायलिसिसनं तो बाहेर पडत नाही. ही वाढ सहसा कमाल मर्यादेच्या तिपटीच्या आत राहते.

म्हणून तब्येत बरी असतानाचा एक आकडा फाइलमध्ये असावा. पुढे कधी वरच्या पोटातून पाठीत जाणारी कळ आली, उलट्या झाल्या, की त्याच्याशी ताडून बघता येतं. तिपटीहून जास्त आकडा आणि अशी कळ एकत्र असेल तर स्वादुपिंडाची सूज धरूनच चालायचं. कळ आहे पण आकडा तेवढा नाही, तेव्हा स्कॅनवर निर्णय होतो. ‘किडनीमुळेच वाढलंय’ म्हणून कळ अंगावर काढू नये. या पेशंटना ही सूज इतरांपेक्षा जास्त होते.

रक्त कधी घेतलं तेही बघा. डायलिसिसमधल्या हेपारिनमुळे (रक्त गोठू न देणारं औषध) लायपेज चढतं, म्हणून नमुना मशीन लावण्याआधीच घ्यावा. पोटाच्या डायलिसिसला आयकोडेक्स्ट्रिनची (स्टार्चसारख्या पदार्थाच्या द्रावणाची) पिशवी असेल तर उलटा घोळ: अमायलेज खोटं कमी दिसतं, सूज असली तरी. तिथे लायपेजच मागवावं.

इन्सुलिनही स्वादुपिंडाचंच प्रथिन. टोचलेलं इन्सुलिन मोडण्यात किडनीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे किडनी थकली की जुनाच डोस जास्त वेळ काम करत राहतो आणि पहाटे घाम फुटून साखर उतरते. जीएफआर (किडनीचा रक्त गाळण्याचा वेग) 50 च्या खाली गेल्यावर डॉक्टर डोस साधारण पाव भागानं, 10 च्या खाली निम्म्यानं कमी करतात. सी-पेप्टाइड (स्वादुपिंडात इन्सुलिन बनताना सुटणारा तुकडा) तर मुख्यतः किडनीवाटेच जातं. ते वाढलेलं पाहून ‘स्वादुपिंड भरपूर इन्सुलिन बनवतंय’ असं समजून इंजेक्शन बंद करू नका.