म्युनिक की बर्लिन? आधी भाडं बघा

आज दिवसभर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न: जर्मनीत नोकरीच्या दोन ऑफर आहेत, म्युनिक आणि बर्लिन, शहर कुठलं निवडू? आयकराचे दर देशभर सारखेच. खरा फरक भाड्यात, आणि म्युनिक त्यात सर्वांत महाग.

जाहिरातीतलं ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. पाणी, कचरा, बहुतेकदा हीटिंगही धरून होतं ते ‘वार्ममीटे’. तुलना त्याचीच करा. वीज, इंटरनेट सहसा वेगळं. डिपॉझिट काल्टमीटेच्या जास्तीत जास्त तिप्पट, ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे. स्वयंपाकघर अनेकदा कोरं मिळतं. सिंकसुद्धा नाही!

म्हणून सुरुवातीला फर्निश्ड घर बरं. पण घरमालक ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ (म्हणजे तुम्ही त्या घरात राहायला आलात असं घरमालकाचं लेखी पत्र; उच्चार राहू दे, कागद महत्त्वाचा) देणार का, हे आधी लेखी विचारा. तो नसेल तर पत्त्याची नोंदणी अडते, टॅक्स आयडी लांबतो आणि पगारातून सहाव्या करवर्गाचा (सर्वांत जास्त कपातीचा) जबर कर कापला जाऊ शकतो. जादा पैसे परत मिळतात, पण नंतर. नोंदणीची मुदत घरात शिरल्यापासून १४ दिवस. बर्लिनमध्ये अपॉइंटमेंट मिळवणं हीच कसरत.

मूल लहान असेल तर माझं मत बर्लिनला. तिथे पाळणाघराला फी नाही, जेवणाचे पैसे तेवढे वेगळे. जागेसाठी अर्ज मात्र लवकर टाका.