आमची वाटचाल: कोळशाच्या गावात चिखलावर चालणारा लॉज

आमचा धंदा थोडक्यात सांगायचा तर लोकं पाचपाच सहासहा तास गाडी चालवून चिखलात माखायला येतात आणि आम्ही त्यांना झोपायला खोली, गाडी धुवायला पाणी आणि ट्रेलर लावायला सपाट जागा देतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल काउंटी आहे, तिथे यूएस 52 रस्त्याला लागून आमची जुनी दोन मजली विटांची इमारत. गावी फोन केला की आई अजून विचारते, "अरे पण तिकडे बघायला काय आहे?" बघायला डोंगर आणि झाडं, बाकी काही नाही, आणि लोक बघायला येतच नाहीत, गाड्या चालवायला येतात.

मी मूळचा घुग्घुसचा, चंद्रपूर जिल्हा. बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत होते, सगळं लहानपण कॉलनीच्या क्वार्टरमध्ये गेलं, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते हे आम्हाला नवीन नाही. पुढे आयटी, मग शार्लट शहरात नोकरी. तिथल्या ऑफिसातला एकजण दरवर्षी मित्रांबरोबर आय-77 ने वर डोंगरात साइड-बाय-साइड चालवायला जायचा, एकदा मलाही घेऊन गेला. साइड-बाय-साइड म्हणजे चार चाकांची, शेजारीशेजारी बसायची, वर लोखंडी पिंजरा असलेली उघडी गाडी, साध्या एटीव्हीपेक्षा (मोटारसायकलसारखं वर बसून चालवायची चार चाकांची गाडी) मोठी आणि किंमत सहज वीस-तीस हजार डॉलर. गाडी चालवायला मजा आली हे खरंच, पण मी बघत राहिलो ते बंद पडलेले टिपल (कोळसा चाळून वॅगनमध्ये भरायचे सांगाडे), रेल्वेचे सायडिंग, कंपनीने एकसारखी बांधलेली घरं. हे सगळं मला ओळखीचं होतं, फक्त आमच्याकडे खाणी चालू होत्या आणि इथे बहुतेक बंद.

या काउंटीची गोष्ट थोडी सांगायला हवी नाहीतर बाकीचं कळणार नाही. 1950 मध्ये इथे जवळपास 99 हजार लोक राहायचे, 2020 च्या जनगणनेत उरले 19 हजारांच्या आसपास. खाणीत यंत्रं आली, मग खाणीच बंद होत गेल्या, माणसं ओहायो, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायनाला निघून गेली. 1961 मध्ये केनेडींच्या सरकारने फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना धान्य-किराणा घ्यायची सरकारी कुपनं, परत सुरू केले तेव्हा पहिले स्टॅम्प मिळालेलं कुटुंब याच काउंटीतलं. 2016 च्या जानेवारीत किंबॉलचं वॉलमार्टसुद्धा बंद झालं, आणि वॉलमार्ट जिथून निघून जातं तिथे धंदा टाकायचा म्हणजे वेडेपणाच असं मला बऱ्याच जणांनी समजावलं. माझी बायको मात्र म्हणाली, "अरे, तुमच्या गटातले सगळे रात्री तासभर लांब जाऊन झोपले ना, मग जवळ झोपायची सोय नाही हाच धंदा." ग्रीन कार्ड हातात आल्यावर आम्ही ही इमारत घेतली, पूर्वी इथे फर्निचरचं दुकान होतं.

आता ट्रेलबद्दल, म्हणजे डोंगरातल्या ज्या कच्च्या वाटांवर या गाड्या चालतात त्यांच्याबद्दल. हॅटफिल्ड-मॅककॉय ट्रेल्स असं नाव आहे, एकोणिसाव्या शतकात टग नदीच्या दोन बाजूंच्या या दोन घराण्यांचं वैर इतकं गाजलं की अजून त्याच नावावर पर्यटन चालतं. 1996 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून एक प्राधिकरण काढलं, 2000 मध्ये पहिल्या ट्रेल सुरू झाल्या, आज सगळ्या मिळून हजार मैलांच्या वर आहेत. यातली खरी हुशारी मला वाटते ती जमिनीची. डोंगर सरकारी नाहीत, बहुतेक कोळसा, लाकूड आणि जमीन कंपन्यांचे आहेत, ज्यांचे मालक इथे राहतसुद्धा नाहीत. आधी पोरं तिथे चोरून गाड्या चालवायचीच, आणि कोणी पडलं तर मालकावर केस होण्याची भीती. मग व्यवस्था अशी झाली की मालकाने जागा वापरू द्यायची, जबाबदारीचं ओझं त्याच्या डोक्यावरून काढायचं, आणि देखभाल, पाट्या, रेंजर हे सगळं प्राधिकरणाने बघायचं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने वर्षाचा पास काढायचा, बाहेरच्या राज्यातल्याला साधारण 50 डॉलर, स्थानिकाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. हेल्मेट सक्तीचं, दारू चालत नाही. हिरवी ट्रेल सोपी, निळी मधली, काळी म्हणजे ज्याला हाडं मोडायची हौस आहे त्याच्यासाठी (हे माझं मत, पाटीवर असं लिहिलेलं नाही).

पास घेणारे बहुतेक राज्याबाहेरचे आणि तिथेच सगळी मेख आहे. पासचे पैसे ट्रेलच्या देखभालीत जातात, गावाला त्यातून थेट फार काही मिळत नाही. माणूस सकाळी ओहायोहून आला, दिवसभर फिरला, संध्याकाळी ट्रेलरवर गाडी चढवून परत गेला तर गावात त्याने फार तर पेट्रोल आणि एक बर्गर घेतला. तोच माणूस तीन रात्री राहिला तर खोली, नाश्ता, दोन वेळचं जेवण, बर्फ, पेट्रोल, तुटलेला बेल्ट, वाकलेला टाय रॉड, सगळं गावात. त्यामुळे आमच्यासारख्या धंद्याचं खरं काम म्हणजे माणसाला रात्रभर थांबवणं. एवढं मला नीट कळायला वेळ लागला नाही कारण कॉलनीत वाढलेल्याला माहीत असतं, कोळसा मालगाडीत बसून निघून जातो आणि गावात राहतो तो फक्त पगार आणि धूळ.

थांबवायचं कसं, तर खोल्या सुंदर करून नव्हे. आम्ही पहिल्यांदा पैसा घातला तो पार्किंगमध्ये. मोठा पिकअप आणि मागे लांबच लांब ट्रेलर, हे वळवायला जागा लागते, आणि ही दरी इतकी अरुंद की एल्कहॉर्न क्रीक, रेल्वे आणि रस्ता तिघं एकमेकांना चिकटून जातात, सपाट जमीन म्हणजे सोनं. शेजारचा पडका प्लॉट घेऊन खडी टाकली आणि त्या खडीने आम्हाला जेवढं बुकिंग दिलं तेवढं कुठल्या जाहिरातीने दिलं नाही. मग गाडी धुवायचा ओटा, प्रेशर वॉशर, बूट वाळवायचा पंखा लावलेली एक खोली. टॉवेल काळे किंवा गडद तपकिरी, पांढरा टॉवेल या धंद्यात एका दिवसात बाद होतो. गावच्या कौन्सिलची परवानगी असल्यामुळे आमच्या दारातून गाडी काढली की थेट ट्रेलला जाता येतं, ट्रेलर परत जोडावा लागत नाही. गिऱ्हाईक फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतं, खोलीत टीव्ही आहे का हे अजून कोणी विचारलं नाही.

विम्याचं काय सांगू. एका विमा कंपनीने तर "ऑफ-रोड" हा शब्द ऐकूनच फाइल बंद केली. आम्ही गाड्या भाड्याने देत नाही, फक्त झोपायला देतो, हे समजावण्यात किती फोन गेले. गाड्या भाड्याने द्यायचा मोह झाला होता, पैसा त्यात जास्त दिसतो, पण पोरं भाड्याची गाडी कशी चालवतात ते मी ट्रेलवर बघितलंय.

कामाला सगळी माणसं इथलीच. आमची मॅनेजर, तिचे आजोबा आणि वडील दोघंही खाणीत, नवरा अजून जातो. स्पष्ट सांगायचं तर तिचा पगार तिच्या नवऱ्याच्या जवळपासही नाही. पर्यटन कोळशाची जागा घेईल असं कोणी भाषणात म्हणालं की मला राग येतो. खाणीतल्या पगारावर घर चालायचं, पोरं कॉलेजला जायची. चादरी बदलायच्या कामावर तसं होत नाही, त्यात थंडीत दोनतीन महिने कामच निम्मं. पण तिच्या भावाचं वेल्डिंगचं छोटं गॅरेज आता गिऱ्हाइकांच्या मोडक्या गाड्यांवर चालतं, रस्त्यापलीकडच्या बाईंनी सकाळचं बिस्किट-ग्रेव्हीचं (इथला नाश्ता, मऊ पावासारखं बिस्किट आणि वर दाट रस्सा) दुकान टाकलं, आम्ही नाश्ता मुद्दाम ठेवत नाही म्हणजे लोकं तिकडे जातात. बंद घरं दुरुस्त करून केबिन म्हणून द्यायला लागलेत लोक. हे लहान आहे पण आधी तेही नव्हतं.

सगळे खूश आहेत असंही नाही. रस्त्यावर चिखल पडतो, रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला इंजिनांचा आवाज, आणि बाहेरचे येऊन घरं घेतात म्हणून किमती वाढल्या ही तक्रार तर आमच्याकडे बोट दाखवूनच होते. चुकीची नाही ती. आम्ही रात्री दहानंतर अंगणात गाडी सुरू करू देत नाही, एकदोन गट त्यावरून भांडून गेले, जाऊ देत.

2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे ट्रेल बंद झाल्या तेव्हा वाटलं संपलं. मेमध्ये उघडल्या आणि त्यानंतर जी गर्दी झाली ती विचारू नका, विमान नको, हॉटेलची लॉबी नको, मोकळ्यावर फिरायचं म्हणून ज्यांनी आयुष्यात एटीव्ही बघितली नव्हती तेही आले. मग 2025 च्या फेब्रुवारीत पूर. मॅकडॉवेलमध्ये माणसं गेली, रस्ते वाहून गेले, आमच्या तळमजल्यात चिखल भरला. त्या आठवड्यात आमचे खोल्यांमधले गिऱ्हाईक म्हणजे घर सोडावं लागलेले शेजारी आणि मदतीला आलेले लोक होते. त्यात ज्यांनी साइड-बाय-साइडने औषधं आणि पाणी वरच्या वस्त्यांवर नेलं त्यातले काही दरवर्षी चिखल उडवायला येणारेच होते.

पुण्यामुंबईकडचे मित्र विचारतात, सह्याद्रीत हे करता येईल का, थार तर आता प्रत्येक सोसायटीत उभी आहे. मी म्हणतो आधी सातबारा बघा. इथे एका मालकाशी बोललं की हजारो एकर मोकळे होतात, तिकडे जमिनीच्या एका गट नंबरात पंधरा नावं आणि त्यातली चार मुंबईला, वरचा डोंगर वनखात्याचा. आणि सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारांवर, तर गाडी नेऊच नये, पावसाळ्यानंतर तिथे जी फुलं येतात ती एका चाकोरीत जातात. ठरलेला मार्ग, पास आणि माणसाचा पहारा असेल तर एखाद्या जुन्या दगडखाणीच्या पट्ट्यात बघावं करून, आणि मुक्काम गावातल्या घरांत.

सध्या आमचं काम अडलंय ते सांडपाण्यावर. मागे चार केबिन बांधायच्यात, पण या काउंटीत कितीतरी घरांचं सांडपाणी अजून थेट ओढ्यात जातं आणि नवीन सेप्टिक टाकायला खडकाळ उतारावर पुरेशी माती नाही. इंजिनिअर येऊन दोनदा खड्डे खणून गेला, तिसऱ्या जागेचा रिपोर्ट यायचाय. तो आला की कळेल चार होतात का दोनच.