मूर्तिजापूरची शिट्टी आणि ‘पाकीजा’

मूर्तिजापूर स्टेशनात मोठ्या लाइनीचा गोंगाट सोडून थोडं कडेला गेलं की ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचे अडीच फुटी रूळ लागतात. एक फाटा अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. आता दोन्हीकडची गाडी बंद आहे. रुळांमधून बाभळी वर आल्यात, एका सिग्नलच्या खांबाला कुणीतरी शेळी बांधली होती. वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला विलायती कंपनीने टाकलेली ही लाइन. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं.

दर्यापूरच्या एसटीला वेळ होता, म्हणून टपरीवर चहा आणि आलूबोंडा घेतला. टपरीवाल्याच्या मोबाइलवर ‘पाकीजा’तलं ‘चलते चलते’ लागलं होतं. गाणं संपता संपता इंजिनाची शिट्टी वाजते, ती वाजली आणि बाकावरचे म्हातारबुवा खुदकन हसले. रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन.

“या शिट्टीले टाकीजमंदी पोरं बोंबलायचे भाऊ, अचलपूर गाडी सुटली म्हून!”

झालं, आमची गाडी रुळावर आली. मला ‘पाकीजा’ आवडतो तो त्याच्या दिसणाऱ्या टाक्यांसकट. कमाल अमरोहींनी पन्नाशीच्या दशकात मीनाकुमारीसाठी योजलेला सिनेमा पडद्यावर यायला फेब्रुवारी १९७२ उजाडला. आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग रुंद पडद्याचा सिनेमास्कोप. १९६४ मध्ये अमरोही आणि मीनाकुमारी हे नवराबायको वेगळे झाले, काम ठप्प. १९६९ मध्ये पुन्हा कॅमेरा सुरू झाला, तोवर छायाचित्रकार योसेफ विर्शिंग आणि संगीतकार गुलाम मोहम्मद दोघेही वारले होते. पार्श्वसंगीत नौशादनी केलं. मूळचे नायक अशोककुमार शेवटी नायिकेचे वडील झाले! एका दृश्यात मीनाकुमारी टवटवीत, तर दुसऱ्यात आजाराने ओढलेली. तरी पटकथा कुठे सैल पडते ते गाण्यांमुळे लक्षातच येत नाही.

सुरुवातीला सिनेमाचं स्वागत थंडच झालं. ३१ मार्चला मीनाकुमारी गेली आणि थिएटरांपुढे रांगा लागल्या, असं सगळे सांगतात. म्हातारबुवांना हे अजिबात मान्य नव्हतं. “आमच्याइथं पिच्चर येईपर्यंत बाई जाऊन लय दिस झाले होते. रडाले कोन गेलं जी? आमी गाने आयकाले गेलो.” मलाही त्यांचंच खरं वाटतं. मरणाची हळहळ एखादा महिना गर्दी खेचेल, पन्नास वर्षं टपरीवर वाजत राहणार नाही.

गुलाबी महालाचे देखावे उभारणाऱ्या एन. बी. कुलकर्णींना फिल्मफेअर मिळालं. गुलाम मोहम्मदना मात्र डावललं, म्हणून प्राणने स्वतःला मिळालेलं बक्षीस नाकारलं. हे सांगितलं तर म्हातारबुवा मांडीवर थाप मारून म्हणाले, “बराबर केलं त्यानं!”

मग मी सांगून बसलो, की नाचाच्या काही दृश्यांत मीनाकुमारीच्या जागी पद्मा खन्ना नाचली आहे. रेल्वेच्या डब्यात राजकुमार जिच्या पायांवर चिठ्ठी ठेवून जातो, तिच्याबद्दल हे! म्हातारबुवांनी कप खाली ठेवला.

“कोन सांगतलं तुमाले? मी चार खेपा पाह्यला. बाईचे पाय मले वळखू येत नाई काय?”

तेवढ्यात एसटी लागली. चहाचे पैसेही त्यांनी मला देऊ दिले नाहीत, पद्मा खन्ना तर मुळीच पटवू दिली नाही.